घोटभर पाण्याची संथा

वैशाख वद्य ४, शके १७०९

आनंदीच्या दारातल्या मांडवाची पानं वाळून वाजत होती — ती वाजलेली ऐकली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. वाईहून पुण्यापर्यंत चालत आलो होतो. पायांत काटे तसेच होते.

मंगळाच्या भयानं विशीपर्यंत रखडलेली ती. पेठेत तिच्या बाबांना वाळीत टाकायच्या गोष्टी चालल्या होत्या. मी म्हणालो होतो — थांब, संहिता पुरी करतो, मग त्यांच्यापुढं उभा राहतो. लग्नाची उडती बातमी आली तेव्हा गुरुजींचा हात झिडकारून निघालो. पाठशाळा अर्धी टाकली ती काय बघायला? वाळकी पानं!

दिली नारायण पेठेतल्या दीनानाथशास्त्र्यांना. बिजवर. पहिलीचा एक मुलगा आहे.

वाईला रोज कोणी ना कोणी जातं. एक निरोप नाही धाडला तिनं. एक!

वैशाख वद्य १०

शास्त्र्यांना मुलासाठी वेदाची संथा सांगणारा हवा होता. त्यांचा स्वतःचा घसा कायमचा बसलाय. मी गेलो. हो, गेलो! रोज तिच्या घरात बसायचं, रोज तिला लाज वाटली पाहिजे, म्हणून गेलो.

शास्त्री वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "अर्धी संहिता टाकून आलात. अर्ध्या हळकुंडानं पिवळे. असो, आवाज बरा आहे."

ती आतल्या दाराशी होती. बांगड्या वाजल्या. लाज वगैरे काही दिसली नाही.

ज्येष्ठ शुद्ध २

पोराचं नाव यज्ञेश्वर. आठ वर्षांचा. मानेवर डोकं जड वाटावं इतका बारीक. मी एक चरण म्हणायचा, त्यानं तो दोनदा म्हणायचा. माझा हात त्याच्या डोक्यावर — स्वर खाली गेला की मान खाली, वर गेला की वर. तिसऱ्या चरणाला पहिला विसरतो. आई गेल्यापासून असाच आहे म्हणे. लग्नाच्या दिवशी त्याला नव्या आईशेजारीच बसवून ठेवलं होतं, तेव्हाही तोंडातून शब्द फुटला नाही.

श्रावणात त्याला पर्वतीच्या रमण्यावर पेशव्यांच्या दक्षिणेच्या परीक्षेला उभा करायचा बेत आहे. "एवढा लहान वैदिक पुण्यानं पाहिला नसेल," शास्त्री म्हणतात. म्हणून वैद्याचं पथ्य. पहाटे ब्राह्मीचं तूप. वेखंड उगाळून मधातून. वर मालकांगोणीचं तेल, त्याचे थेंब वाढवत न्यायचे. दही नाही, गूळ नाही, भात नाही. मुगाचं कढण तेवढं. पाणी सुंठ घालून उकळलेलं, तेही मोजकं. "पाण्यानं कफ, कफानं विस्मरण."

भांडी घासणारी सरुबाई म्हणाली, "तेलावर दिवा जळतो, शास्त्रीबाबा. पोराला भाकर लागती."

"सरू, तुला वैद्यकी येते हे ठाऊक नव्हतं. भांडी घास."

मला हसू आलं. पोरही हसलं. ओठ फुटले होते त्याचे.

ज्येष्ठ शुद्ध १३

आठवू लागलं! एकदा सांगितलेलं बसतं. काल सांगितलेलं आज जसंच्या तसं — मी मधे खोकलो होतो, तो खोकलासुद्धा! शास्त्र्यांनी वैद्याला शालजोडी द्यायचं कबूल केलं.

पोराचे डोळे मात्र तापात असल्यासारखे.

ज्येष्ठ वद्य ५



सकाळी चरण सांगितला. यज्ञेश्वरनं एकदा म्हटला. दुसऱ्यांदा म्हणायच्या जागी म्हणाला, "घोटभर पाणी द्या हो. कडी काढा."

आवाज बाईचा. थकलेला. माझ्या हाताखाली मान बरोबर खाली गेली, वर आली. आणि नियमाप्रमाणं, पुन्हा — "घोटभर पाणी द्या हो. कडी काढा."

शास्त्री झोपाळ्यावर होते. झोपाळा थांबला. धावत येऊन त्यांनी माझी शेंडी धरली. "कोणी शिकवलं हे त्याला? तुम्ही?" मीही मनगट धरलं त्यांचं. मोडलंच असतं!

आतून आनंदी म्हणाली, "ते तेव्हा इथं नव्हते. मीही नव्हते."

शास्त्र्यांनी शेंडी सोडली. खाली बसले.

ज्येष्ठ वद्य ६

सरुबाईला हौदावर गाठलं. सांगत नव्हती, मग सांगितलं.

"पैल्या वहिनींना ताप व्हता. वैद्य म्हनला, पाणी तोडा. त्या रडायच्या. हे पोर चोरून तांब्या न्यायचं, म्हून मालकानं भाईरून कडी घातली. बायकोच्या जिवासाठीच घातली, खोटं कशाला बोलू? पोर रातभर दाराला कान लावून बसलं. सकाळी कडी काढली, तवा—"

राख घेऊन घागर घासायला लागली.

तोच वैद्य आहे. तेच सुंठेचं पाणी.

ज्येष्ठ वद्य ७

वाटेत तहान लागली. हौदावर ओंजळ भरली आणि सोडून दिली.

आषाढ शुद्ध ६

वाटलं होतं, तेल बंद करतील. वाढवलं!

रमण्याचं नावसुद्धा काढत नाहीत आता. मी चरण सांगायला लागलो की हातानं थांबवतात. पोरासमोर मांडी घालून बसतात, वाट बघत. मग पोराची मान हलते आणि त्याची गेलेली आई बोलते. "ओवा संपलाय." "आज उशीर केलात." "बाळाला दृष्ट लागली हो, मीठमोहऱ्या कुठं ठेवल्यात?" साध्या गोष्टी. प्रत्येक दोनदा.

शास्त्र्यांचं तोंड तेव्हा असं होतं, की शिवी द्यावी म्हटलं तर माझी जीभ वळत नाही. पुढं सरकून विचारतात, "बाळ, आणि पुढं? पुढं काय म्हणाली ती?"

आतल्या दाराशी बांगड्या वाजत नाहीत. पण आनंदी तिथंच असते. दुसरीनं पहिलीचा संसार ऐकत उभं राहायचं!

आषाढ शुद्ध १४

घरी जेवायला बसलो तर आई म्हणाली, "मान कशाला हलवतोस रे?"

आषाढ वद्य ३

पोरानं कढण ओकलं. शास्त्र्यांनी तेल दुसऱ्यांदा दिलं.

आषाढ वद्य ११

आनंदी माझ्याशी बोलली. मी वाईहून आल्यापासून पहिल्यांदा. शास्त्री नदीवर स्नानाला गेलेले, पोर भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवून निजलेलं.

"हे पोर श्रावण बघत नाही," म्हणाली.

मी भडकलो. "आता बोलायला सुचतंय! तेव्हा एक निरोप धाडायला सुचलं नाही!"

तिनं पोराचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "ते राहू द्या. मांजरी गावाला याचं आजोळ आहे. मामा चांगले आहेत. न्याल?"

"तूही चल."

"दोघं गेलो तर पळवून नेली म्हणतील, मागं कोतवाल येईल. पोर आजोळी गेलं तर कोण काय म्हणणार? मी सांगेन, मीच धाडलं."

"आणि तुला ते काय करतील?"

"काय करणार? कडी घालतील."

असं म्हणाली, जसं कोणी म्हणावं, आज भाजी नाही.

आषाढ वद्य १३

शास्त्री घरातून हलले नाहीत. पोराचा आवाज खोल गेलाय. शास्त्री कान त्याच्या तोंडाशी नेतात.

श्रावण शुद्ध १, मांजरी

पोर मामीच्या मांडीवर आहे. मऊ भात दिला, टिकला. सकाळचं लिहून टाकतो.

शास्त्री नदीवर गेले. आनंदीनं त्याला उचलून माझ्या खांद्यावर दिलं. माठातलं थंड पाणी आणलं, तांब्या त्याच्या तोंडाला लावला. तो प्याला, थांबला, पुन्हा प्याला. मग माझ्या खांद्यावर त्याची मान खाली गेली, वर आली. आवाज पहिलीचा नव्हता. आनंदीचा — रडून रडून बसलेला.

"बाबा, वाईला निरोप धाडा हो. तो येईल. आठ दिवस थांबा."

दोनदा म्हणाला.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं रिकामा तांब्या पदरानं पुसला. पुसतच राहिली.

माझ्या जिभेवर आलं होतं — बाळ, आणि पुढं? पुढं काय म्हणाली ती?

गिळलं. त्याच्या हातात गुळाचा खडा दिला, उंबरा ओलांडला, दार ओढून घेतलं.

कडी घातली नाही.