विहिरींवरचा पहारा

स्किप्टन, यॉर्कशायर
९ सप्टेंबर १९७६

चि. सेड्रिक यास, शत्रुपक्षाचा असलास तरी अनेक आशीर्वाद.

तुझी पेटी पोचली. एकशे चाळीस भालाईत मोजून घेतले. एकाचा भाला वाटेत वाकला होता, तो मी सरळ केला. शत्रूची इतकी सेवा कोण करतं? शिसं ओतून सैनिक घडवायचे तू आणि दोन्ही फौजा रंगवायच्या मी, हा आपला जुना करार आहे म्हणून करतो, एवढंच.

मोहीम ठरली. सिकंदर मेल्यावर त्याचे सरदार इराणात एकमेकांच्या उरावर बसले, ती लढाई. मी अँटिगोनस, तू युमेनिस. युमेनिस हा मुळात सिकंदराचा चिटणीस, आणि तू छत्तीस वर्षं ग्रँथमच्या नगरपालिकेत कारकुनी केलीस, तेव्हा वाटणीत अन्याय झाला म्हणून रडू नकोस. एका पत्राला एक चाल, एका चालीत दहा दिवसांची कूच. मधे मिठाचं वाळवंट आणि त्यात सात विहिरी. माणसाला नि घोड्याला पाणी लागतंच, त्यामुळे ज्याच्या विहिरी त्याचं वाळवंट. फौजा भिडल्या की मग तुझ्याकडे येऊन टेबलावर खरी लढाई.

हत्ती रंगवायला घेतलेत. पण हल्ली रंगाच्या डब्या काय भिकार येतात! जांभळा म्हणून आणावा तर तपकिरी दिसतो. दुकानदाराला झापलं, तर मला म्हणतो, काका, डबी नेहमीचीच आहे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला हा रंग शिकवणार!

हिल्डा विचारते, दोन म्हाताऱ्यांना बाहुल्यांशी खेळायला लाज कशी वाटत नाही. तरी तिने तुझ्यासाठी मुरंबा बांधला आहे.

तुला लवकरच धूळ चारणारा,
अँब्रोजदादा


ग्रँथम
२ ऑक्टोबर १९७६

ती. दादास, तहाची बोलणी नसली तरी सा. न.

हत्ती आणि मुरंबा दोन्ही मिळाले. मुरंबा उत्तम. हत्तींबद्दल काय बोलू? एकाचा डोळा कानावर आहे आणि माहुताला तोंडच नाही. नखाएवढ्या ढालीवर आयाळीसकट सिंह काढणारा माणूस तूच ना रे? का वहिनीने जेवायला हाका मारून मारून घाई केली?

त्याहून मोठं कोडं म्हणजे सोबत आलेली तुझी चाल. डोंगराची चांगली वाट सोडून आठ हजार माणसं सरळ दलदलीत घातलीस. नकाशावर ती जागा ठळक निळी आहे. यात काही खोल डाव असणार असं समजून मी दोन दिवस डोकं खाजवतोय, आणि त्या नादात बटाटे करपवले. एडिथ असती तर तिने मला आणि युमेनिसला एकदमच घराबाहेर काढलं असतं. ती गेल्यापासून स्वयंपाकघरात माझी रोज हार होते.

सावधगिरी म्हणून साती विहिरींवर पहारा बसवला आहे. आता ये.

तुझा न घाबरलेला,
सेड्रिक


स्किप्टन
११ नोव्हेंबर १९७६

प्रिय सेड्रिक भावजी, स. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांच्या नकळत लिहिते आहे. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण असं कधी केलं नव्हतं.

त्या दलदलीत कसलाही डाव नव्हता. ह्यांना नकाशाच दिसला नाही. लीड्सच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांतली मधली नजर गेली आहे. कडेकडेचं दिसतं, पण समोर पाहावं तिथे काळा डाग. उपाय नाही म्हणाले. हे वर्षभर लपवत होते. रंगाला शिव्या देत, दिव्याला देत, मलाही देत, आणि मी वेडी उलट भांडत होते.

तुमचं हत्तींचं पत्र मीच वाचून दाखवलं. हसले, आणि मग मला म्हणाले, पेटी माळ्यावर टाक, लढाई संपली. तेव्हापासून एकट्याने फाटकाबाहेर पाऊल नाही. दिवसभर खुर्चीत बसून असतात. दुकानातली घड्याळं शेजाऱ्यांना देऊन टाकली.

तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. मोडली. काहीतरी करा. काय करायचं ते मला कळत नाही, कारण तुमची ती मोहीम मला कधीच कळली नाही.

तुमची काळजीत पडलेली,
हिल्डावहिनी


ग्रँथम
१५ डिसेंबर १९७६

ती. दादास, सा. न.

वहिनीवर रागावू नकोस. तिने मला सांगितलं, आणि बरं केलं. मला मात्र तुझा राग आला आहे. तो भेटल्यावर काढीन.

सोबतचं लाकडी खोकं जपून उघड. आत आपलं इराण आहे. डोंगर प्लास्टरचे, नद्या सुतळीच्या, दलदल स्पंजाची. मिठाच्या वाळवंटाला सुतारी सँडपेपर लावला आहे. विहिरी म्हणजे एडिथच्या माळेतले सात काचेचे मणी. ते आणखी कुठे शोभले असते असं मला वाटत नाही. पहाऱ्याला टाचण्या आहेत. दोन्ही फौजा नव्याने ओतून त्यांच्या पायाखालच्या बैठकींना कानशीने खाचा पाडल्या आहेत. भालाइताला एक, घोडेस्वाराला दोन. हत्ती हाताला लागला की कळेलच. माझी फौज कडेने खरखरीत, तुझी गुळगुळीत. बोटांनी वाच. घड्याळाच्या केसाएवढ्या कमानी ज्या बोटांनी बसवल्या, त्यांना हे जड नाही.

माझी चाल: चार विहिरींवरचा पहारा उठवला. माणसं आजारी आहेत.

ख्रिसमसला वहिनीच्या पुडिंगचा वाटा माझ्या नावाने काढून ठेव.

तुझा,
सेड्रिक


स्किप्टन
६ जानेवारी १९७७

सेड्रिक,

आशीर्वाद आज राखून ठेवले आहेत. अक्षर हिल्डाचं, बोल माझे. तिला सांगितलंय की एक शब्द मऊ करशील तर याद राख.

नकाशा हातात घेतला आणि दोन दिवस सोडला नाही. तो कसा आहे ते मी इथे लिहिणार नाही, कारण मला आत्ता तुला शिव्या द्यायच्या आहेत.

सात मणी चाचपले. चारांजवळ टाचणी नाही. माणसं आजारी? तुझी माणसं गेल्या तीस वर्षांत कधी आजारी पडली? तू खेळात बायकोलासुद्धा एक घोडा सोडला नाहीस, एडिथ चिडून आठवडाभर बोलली नव्हती. आणि मला चार विहिरी फुकट? मला पाणी पाजतोस होय रे?

नीट ऐक. डॉक्टर माझ्याशी हळू बोलतात. शेजारीण मोठ्याने बोलते, जसं काही माझे कानच गेलेत. बायको ताटातलं कापून देते. सगळं जग मला चाली सोडतंय. अजून कुणीतरी मला खरं हरवू शकतं, एवढं एकच मला उरलं होतं, तेही तू काढून घेतलंस. अँटिगोनसला एकच डोळा होता. त्याला कुणी दया दाखवली नाही, म्हणून तो राजा झाला.

पहारा परत बसव. नाहीतर नकाशा परत पाठवतो.

अँब्रोज

ता. क. भावजी, हे माझं. नकाशा परत पाठवणार नाहीत, तो उशाशी आहे. पण बाकी सगळं खरं आहे. ताटातलं कापणं मी कालपासून बंद केलं. हि.


ग्रँथम
१४ जानेवारी १९७७

ती. दादास, खाली मान घालून सा. न.

चुकलो. तुझ्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर तू हरलेला मला बघवला नसतास, म्हणजे ते माझ्यासाठीच होतं.

माणसं बरी झाली. साती विहिरींवर पहारा दुप्पट. शिवाय तुझी फौज दलदलीतून निघेपर्यंत माझे घोडेस्वार तुझ्या पिछाडीला पोचले आहेत, त्यामुळे तुझं धान्यही गेलं. आता भिडण्यावाचून तुला वाट नाही. शनिवारी, २६ फेब्रुवारीला, इथल्या चर्चच्या सभागृहात टेबल मांडतो. अंतर मोजायला गाठी मारलेली दोरी असेल, दोघांनाही तीच.

माफी मागितली आहे, पण ती लढाईला लागू नाही.

तुझा शत्रू,
सेड्रिक


स्किप्टन
१ मार्च १९७७

प्रिय सेड्रिक भावजी, तुमच्या विजयाला माझा नमस्कार.

सुखरूप पोचलो. ग्रँथमपासून लीड्सपर्यंत मला तुमच्या नावाचा उद्धार ऐकावा लागला. डाव्या बगलेवर असं कुणी करतं का, धुळीत लपून घोडे आणायचे म्हणजे काय, हत्ती कापून काढले, तंबूसुद्धा ठेवला नाही! समोरच्या बाकावरच्या बाईंना वाटलं, आमच्या घरावर दरोडा पडला. मी सांगायला गेले, तर हे त्यांनाच विचारतात, तुम्ही माझ्या जागी असता तर राखीव फौज कुठे ठेवली असती. आणि त्या बाईंनी सांगितलंही! लीड्स येईपर्यंत तिकिटाच्या पाठीवर त्यांच्या हाताने मांडणी काढून झाली.

मला ती लढाई अजूनही कळलेली नाही. पण चार तास टेबलाभोवती फिरताना ह्यांनी माझा हात एकदाही धरला नाही, ते मी पाहिलं. शेवटचा हत्ती तुम्ही उचललात तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला, तुमचाही उतरला, आणि तरी तुम्ही तो उचललात. त्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

काल ह्यांनी काठी मागवली, पांढरी. वर मलाच म्हणाले, समोरून हल्ला होणार असेल तर टेहळणी नको का?

आता दारात कोट घालून उभे आहेत आणि पत्र आवर म्हणून घाई करताहेत. पेटीत टाकायला स्वतः जाणार आहेत, एकटे. पाच फाटकं, मग वळण, मग रस्ता ओलांडून टपालपेटी. मी बरोबर येऊ का विचारलं, तर मला शत्रूची हेर म्हणाले. मी खिडकीशी उभी राहीन. वळणापर्यंतच दिसतं इथून.

हे पत्र तुमच्या हातात पडलं, तर समजा की तुमचे दादा पोचले.

माया असू द्या, दया नको.

तुमची,
हिल्डावहिनी