आईला खिडकी दाखवायचीय

दादा,

आईची नजर चाललीय, म्हणून रविवारी आम्ही तिला तिच्या जुन्या नोकरीच्या गावी नेतोय. तू फोनवर म्हणालास, "या वयात कशाला दगदग? पडलीबिडली तर निस्तरणार कोण?" नऊ वर्षं मीच निस्तरतेय, हे तेव्हा बोलले नाही.

माझा मुलगा गाडी चालवेल, आई पुढे बसेल, मी, सून आणि नात मागे. तासातासाला थांबणार आहोत.

काल आई माझ्या नातीला म्हणाली, "ज्या खिडकीत बसून मी गावभराचे फोन जोडून द्यायचे, ती तुला दाखवते. पुढच्या वर्षी मला दिसायची नाही."

खरं तर तुझी परवानगी मागायला लिहायला बसले होते. आता ती नकोय. पत्रही टाकत नाही.

आम्ही निघतोय.

तुझी धाकटी