घासलेले नंबर

अब्बा, तुमचा शागीर्द परवा माझ्या दुकानात आला होता. तुम्ही गेल्यापासून एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. एसटी स्टँडजवळ त्याचं मोठं दुकान आहे. पाटीवर ठळक अक्षरांत तुमचं नाव आणि खाली 'यांचे शागीर्द' असं लिहिलंय. कळंबमध्ये मी कुठंही निघाले तरी ती पाटी डोळ्यांत खुपतेच. माझ्या पाटीवर नुसतं 'साउंड रिपेअर' आहे. मी बापाचं नाव घातलं असतं तर लोक म्हणाले असते, 'उस्तादची पोरगी हाय, बसली असंल गल्ला सांभाळत.' त्याच्याबद्दल मात्र म्हणतात, उस्तादचा हात आता याच्याकडं आलाय. हे मंडपवाल्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दरवेळी माझ्या अंगाचा तिळपापड झालाय. तुम्ही होतात तेव्हा बोलले नाही, म्हणून आता लिहिते. घरात आपण दखनी बोलायचो, पण मी मराठी शाळेतली, मनासारखं रागवायला मला मराठीच लागते.

तुमचं दुरुस्तीचं टेबल स्वयंपाकघराला लागूनच होतं, मधे एक पडदा. मी वीस वर्षांची, कॉलेज संपवून स्थळाची वाट बघत घरात बसलेली. तो माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. पडद्याच्या अलीकडं मी भाकरी थापतेय आणि पलीकडं तुम्ही त्याला शिकवताय, की ॲम्प्लिफायर आधी सिरीज बल्बला लावायचा, बल्ब भकदिशी पेटला तर आत शॉर्ट आहे, थेट लाइन द्यायची नाही. मी थापता थापता सगळं पाठ करते. त्याच्या हातून काही जळालं की मला आतून गुदगुल्या होतात. पण तुम्ही चिडत नाही, 'फिर से देख, बेटा' म्हणता, आणि मग माझ्या हातून तवा जरा जोरातच आपटतो. मला तुम्ही कधी बेटा म्हणालात ते आठवत नाही. म्हणालाही असाल, पण त्याला म्हटलेलं तेवढं माझ्या ध्यानात राहिलं.

मला तुम्ही एकच काम दिलंत. ते जुने दणकट ॲम्प्लिफायर बनवणं कंपनीनं बंद केलं, पार्ट मिळेनासे झाले. लातूर-सोलापूरच्या मेकॅनिकांनी हात टेकले. तुम्ही मात्र हैदराबादच्या जुन्या बाजारातून दुसऱ्याच नंबरचे ट्रान्झिस्टर हुडकून आणलेत आणि ते त्यात चपखल बसले. तो नंबर दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून बसवायच्या आधी प्रत्येकाच्या लोखंडी टोपीवरची अक्षरं पॉलिश पेपरनं घासून टाकायची. दुपारची जेवणं उरकली की तुम्ही ताटलीत ते ट्रान्झिस्टर ओतून माझ्यापुढं ठेवायचात. 'पढ नको, बस घिस.' एकदा मी एक उजेडाकडं धरला तर तुम्ही हातावर फटका दिलात. मला वाटलं, ही माझी परीक्षा आहे. वाचलं नाही तर तुमचा माझ्यावर विश्वास बसेल, आणि एक दिवस पडदा सारून मला आत बोलवाल. म्हणून मी खरंच वाचलं नाही. अंगठ्याला टोपी लागली की नजर स्टोव्हकडं. चार वर्षं मी अशी न बघता घासत राहिले. पडदा काही सरला नाही. माझ्या लग्नाच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही तुमचा काट्याचा मीटर त्याला दिलात आणि मला पितळेचा डबा. त्या डब्यात मी अजून डाळ ठेवते, आणि डाळ काढताना अजून मला तो मीटर आठवतो.

पुढं तुम्ही गेलात, आम्ही नवराबायको कळंबला परत आलो, आणि पडद्याआडून जेवढं पाठ झालं होतं तेवढ्यावर मी दुकान उघडलं. चालतं बरं. परवा तो आला तो तेर गावच्या एका मंडपवाल्याचा ॲम्प्लिफायरचा सेट घेऊन. तुम्ही केलेला सेट. त्यानं झाकण काढून माझ्यापुढं ठेवला. आत त्या टोप्या होत्या, त्यांच्यावर माझ्याच हाताचे गोल गोल ओरखडे. दोन जळाल्या होत्या. आता बाजारात मिळतात ते त्यानं घालून बघितले होते, अर्ध्या तासात धूर निघाला.

"आपा, नंबर सांगा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तुला नाही सांगितला अब्बांनी?"

"न्हाय. बारा वर्सं बसलो त्यांच्यापाशी, लई बार विचारलं. शेवटी दवाखान्यात बी विचारलं. म्हणाले, पोरीला ठावं हाय, तिनंच घासलेत सगळे. न वाचता कोण घासतंय का, म्हणाले." मग खाली बघत म्हणाला, "म्हणून तर इतकी वर्सं तुमच्या दुकानाकडं फिरकलो न्हाय मी."

अब्बा, इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळत होते, तो तिकडं स्टँडजवळ बसून माझ्यावर जळत होता. मला काय वाटायला हवं होतं कोण जाणे, पण मला उकळ्या फुटत होत्या. मी शांतपणे झाकण लावलं आणि म्हटलं, "हो, मला माहीत आहे. पण कुणाला सांगायचा नाही असं वचन घेतलंय त्यांनी." त्याचा चेहरा एवढासा झाला. "मग तुमीच करा, आपा," म्हणाला. "तेरला सांगतो, सेट उस्तादच्या घरी हाय." जाताना त्यानं दारात थांबून माझ्याकडं असं बघितलं, जसं तो तुमच्याकडं बघायचा.

सेट टेबलावर आहे. हाताशी होते नव्हते ते सगळे ट्रान्झिस्टर घालून झाले, एकही तग धरत नाही. तेरचा माणूस गुरुवारी येईल. फटका मारताना तुम्ही मनातून धरूनच चालला होतात की ही चोरून वाचणार. त्या चोरट्या पोरीचा मला आता हेवा वाटतो, तिला सगळं मिळालं असतं. तुमचं ऐकणारी मी निघाले. त्याच्या दुकानात जाऊन खरं सांगावं म्हणून आज दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढली. त्यानं दारातून बघितलं तसं आजवर माझ्याकडं कुणी बघितलेलं नाही, आणि ते मला सोडवत नाही. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. मला नंबर माहीत नाही, अब्बा. हे फक्त तुम्हाला सांगते आहे.