आजारी नसलेल्या माणसाची कॉफी

॥ श्री ॥

कारखाना स्थळ, ता. केज, जि. बीड
९ सप्टेंबर १९८६

ती. सरस्वती अक्काच्या सेवेशी,
बंकटचा शि. सा. न. वि. वि.

परवा सकाळी वेंकटाचलम साहेबांनी मी स्वतः नेलेला कॉफीचा कप लॅबच्या खिडकीतून बाहेर ओतला, आणि त्या घडीला माझं सगळं पालटलं. कारण दारात मोहनराव उभे होते आणि त्यांनी ते पाहिलं.

मी कॉलेज सोडल्याचं आईनं तुला कळवलंच असेल. का सोडलं ते गावानं तिखटमीठ लावून कळवलं असेल. खरं एवढंच, की दुष्काळाचं निमित्त करून मोहनरावांनी लेकीला, छबूला, अंबाजोगाईच्या कॉलेजातून काढून घरी आणलं, आणि त्याच आठवड्यात मी बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्ध्यात टाकून एस.टी.त बसलो. ती नसलेल्या गावात ताळेबंद कुणासाठी जुळवायचा?

इथं नव्या सहकारी साखर कारखान्याची यंत्रं बसवणं चाललंय. गावानं मिळून कामगारांसाठी उपाहारगृहाची सोसायटी काढली, तिचे चेअरमन मोहनरावच. दादांनी बापाच्या काळजीनं शब्द टाकला म्हणून मला मॅनेजर नेमलं. मी आलो ते मात्र कॅन्टीनच्या मागच्या दारातून मोहनरावांचं शेत दिसतं म्हणून.

आता कॉफीचं ऐक. आपल्याकडं कॉफी कधी करतात तुला ठाऊकच आहे. माणूस दवाखान्यातून घरी आला की. वेंकटाचलम साहेब मद्रासकडचे, मुख्य केमिस्ट. आल्या दिवसापासून सकाळ-दुपार कॉफी मागतात. आपली कडूबाई स्वयंपाकाला आहे. तिनं पहिल्याच दिवशी हळहळून विचारलं, लेकराला काय झालंय बापा. तेव्हापासून ती त्यांच्या कॉफीत जायफळ, सुंठ आणि ढीगभर साखर घालते, आणि सोबत न मागता मऊ भात धाडते. जायफळानं साहेब दुपारी खुर्चीतच पेंगतात. पेंगताना पाहिलं की कडूबाई दुसऱ्या दिवशी जायफळ वाढवते.

तेवढ्यानं भागलं नाही. कोल्हापूरकडच्या फिटरांचे मुकादम दत्तोबा मिस्त्री जेवायला आले. पिठलं-भाकरी द्या म्हणाले. वाढप्यानं सांगितलं, पिठलं न्हाई, बेसन हाय. मिस्त्री भडकले. कोरडं पीठ तुझ्या बापाला घाल म्हणाले. मी बाप काढलेला तेवढा ऐकला, मागचंपुढचं ऐकलं नाही, आणि गचांडी धरली. पातेलं सांडलं ते वेगळंच.

परवा ओतलेली कॉफी पाहिल्यावर मोहनरावांनी सगळ्यांदेखत निकाल दिला. दसऱ्याला बॉयलर पेटणार; तोवर तक्रारी थांबल्या तर ठीक, न्हाईतर कॅन्टीन सोलापूरच्या ठेकेदाराला. वर म्हणाले, ज्याला कॉलेज पचलं न्हाई तो दुसऱ्याला काय जेवू घालणार. छबूसाठी लातूरचा एक ओव्हरसियर पाहिलाय, हेही त्यांनी मला ऐकू जाईल अशा बेतानं कुणाला तरी सांगितलं. कॅन्टीन गेलं की छबूही गेली, हे मला कळायला बी.कॉम. पुरं करायची गरज नव्हती.

तू तिकडं कोल्हापूरला इतकी वर्षं काढलीस. ही माणसं काय खातात आणि त्याला काय म्हणतात, सगळं कळव. दाजींना नमस्कार सांग, गचांडीचं सांगू नको.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
बंकट

॥ श्री ॥

कामगार वसाहत, जि. कोल्हापूर
२० सप्टेंबर १९८६

चि. बंकट यास सरस्वतीचे अ. उ. आ.

पोस्टमननं तुझं पत्र दाजींच्याच हातात दिलं, तेव्हा गचांडी लपवायचा प्रश्न उरला नाही. ते पोट धरून हसले, म्हणाले मेव्हणा शोभतोय. मला मात्र हसू आलं ते दुसऱ्या कारणानं.

लग्न होऊन मी इथं नवी आले, तेव्हा शेजारच्या मावशींनी सहज विचारलं, आज काय केलंस. मी म्हटलं, बेसन. दुसऱ्या दिवशीही बेसन, तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी मावशी ताट झाकून घेऊन दारात उभ्या. भाकरी, रस्सा, वर दही. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, पोरी, तुमच्या बीडकडं दुष्काळ हाय ते आमी ऐकलंय, पण आमी शेजारी असताना नुसतं पीठ कशाला खातासा. आळीभर झालं होतं की सरस्वती आणि तिचा नवरा कोरड्या पिठाचे बकाणे भरतात. आपलं बेसन म्हणजेच त्यांचं पिठलं, बाळा. त्यांचा खर्डा म्हणजे आपला ठेचा. त्या दिवशी तुझा मिस्त्री पिठल्याच्या पातेल्यासमोर उपाशी उभा होता आणि तू त्याची मान धरलीस.

तेव्हा माझं एक ऐक. नावावर जाऊ नको. माणसाला चुलीपाशी ने, झाकण काढ, दाखव. त्याच्या घरी ते कोण करतं, कसं करतं, ते विचार. आईच्या हातचं सांगायला लागला की कुणी भांडत नाही.

कॉफीतलं मला फार कळत नाही. वरच्या मजल्यावर एक मद्रासी बाई राहतात, त्यांना विचारलं. जायफळाचं ऐकून त्या कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, आम्ही ती झोपायला पीत नाही, जागायला पितो. बाकीचं तुझ्या साहेबांनाच विचार. विचारायला लाज वाटते म्हणून माणूस हात उचलतो, हे तुझ्या बाबतीत लहानपणापासून खरं आहे.

आणि छबूला तू काही विचारलंयस का, की नुसतं मागच्या दारातून शेत बघतोस?

राग कमी आणि पत्रं जास्त पाठवणे, हा आशीर्वादच समज.
तुझी अक्का

॥ श्री ॥

कारखाना स्थळ
२ ऑक्टोबर १९८६

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालूनच मिस्त्रींकडं गेलो. माफी मागायची सवय नाही, म्हणून आधी चार वाक्यं पाठ केली आणि तिथं गेल्यावर चारही विसरलो. नुसता त्यांचा हात धरून चुलीपाशी आणलं आणि झाकण काढलं. मिस्त्रींनी वाकून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, हे तर पिठलंच की ओ. मग खर्डा मागितला. कडूबाईनं आपला ठेचा दिला. पहिल्या घासाला त्यांच्या कानशिलांवर घाम फुटला. म्हणाले, आमच्यात हिरव्या मिरचीला माणूस भीत न्हाई, पण ही बाई मिरचीवर सूड घेत्या. कडूबाई खूश. आता ते पिठलं म्हणतात, वाढपी बेसन म्हणून आत ओरडतो आणि ताट येतं. खानदेशचे वेल्डर, हैदराबादचे रंगारी, ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. चुलीपाशी एकदा येऊन गेलेल्या माणसाचं ताट चुकत नाही.

साहेबांचं सोपं नव्हतं. माझ्या वाणिज्य शाखेच्या इंग्रजीत मी त्यांना सांगितलं की आमच्याकडं कॉफी आजाऱ्याला देतात.  मग त्यांना मऊ भाताचा उलगडा झाला, आणि हसता हसता चष्मा काढून पुसावा लागला. ट्रंकेतून त्यांनी पितळेचं दुमजली भांडं काढलं. वरच्यात पूड, त्यावर उकळतं पाणी, खाली थेंब थेंब काळा अर्क. त्यात तापलेलं दूध, उंचावरून खालीवर करून फेस. मग ते स्वतः का करून पीत नव्हते? तर पाणी. आपलं बोअरचं आणि टँकरचं पाणी इतकं जड की भांड्याला पांढरा थर धरतो, आणि अर्काची चव मरते. गोडं पाणी या शिवारात एकाच विहिरीला उरलंय. मोहनरावांच्या.

मी गेलो. छबू विहिरीवरच होती. घरात माणशी प्यायचं पाणी ठरलेलं आहे. ती म्हणाली, माझ्या वाट्यातली एक कळशी मी देते. आता रोज पहाटे ती कळशी कॅन्टीनमागच्या कुंपणापाशी असते. साहेबांची पहिली खरी कॉफी त्या पाण्याची. ते प्याले आणि दुपारभर एकदाही पेंगले नाहीत.

तू म्हणालीस तसं तिच्या मनात काय आहे तेही विचारलं. तिनं कळशी घासता घासता सांगितलं की लातूरच्या माणसाला तिनं हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही, कारण तिला अजून कुणी विचारलेलंच नाही. मी विचारलंय हे मात्र तिनं लक्षात ठेवलंय म्हणे. अक्के, माझे पाय जमिनीला लागत नाहीत.

तुझ्या आशीर्वादानं उडणारा,
बंकट

॥ श्री ॥

कामगार वसाहत
८ ऑक्टोबर १९८६

चि. बंकटास अ. उ. आ.

तुझे पाय जमिनीवर आणायला हे पत्र. पोरगी तुझ्यासाठी तहानेली राहते आणि तू साहेबाचा फेस कौतुकानं सांगतोस. दुष्काळात आपल्याकडं प्यायच्या पाण्याला कुणी नाही म्हणत नाही, पण कुंपणापाशी ठेवलेलं पाणी लपवलेलं असतं. उद्या मोहनरावांना दुसऱ्याकडून कळलं तर बोलणी तिला बसतील, तुला नाही. तेव्हा पत्र मिळताच स्वतः जाऊन सांग. आवाज न चढवता. जमेल का ते तुलाच ठाऊक.

मायेत कमी नाही, म्हणूनच खरडपट्टी.
अक्का

॥ श्री ॥

कारखाना स्थळ
१४ ऑक्टोबर १९८६

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

दसरा झाला, बॉयलर पेटला आणि कॅन्टीन आपलंच राहिलं. आता सविस्तर.

तुझं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. तसाच मोहनरावांकडं गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. त्यांनी चढवला. म्हणाले, गुरं छावणीत नेऊन बांधलीत आणि माझ्या घरचं पाणी मद्राशाच्या चैनीला. उद्यापासून कळशी बंद. ठेकेदाराला दसऱ्याला बोलावलंच आहे, किल्ल्या तयार ठेव.

दसऱ्याला यंदा ऊस वाळल्यानं चाचणीपुरतंच गळीत, तरी माणूस लोटलेला. पूजा झाली, बॉयलरला अग्नी दिला आणि सगळे संचालक पाहुण्यांसह कॅन्टीनमध्ये आले. ठेकेदार पांढरी टोपी घालून मोहनरावांच्या शेजारी. साहेबांनी कॉफी मागितली. मी सांगणारच होतो की आज पाणी नाही, इतक्यात समोरच्या दारातून, कुंपणाकडच्या नव्हे, छबू आली. नवं लुगडं, डोक्यावर भरलेली कळशी. सगळ्यांच्या मधून सरळ चुलीपाशी गेली, कळशी उतरवली आणि कडूबाईला म्हणाली, आज सणाचं मी प्यायची न्हाई, घे. अक्के, शंभर माणसांनी ते पाहिलं.

साहेबांनी मला हळूच विचारलं, काय झालं. मी सांगितलं, इतके दिवस तुम्ही हिच्या वाट्याचं पाणी प्यालात. ते उठले. मोहनरावांसमोर गेले, हात जोडले, आणि कडूबाईकडून शिकलेलं एवढंच मराठी बोलले, की मी आजारी न्हाई. मग इंग्रजीत, आणि मी मराठी करून सांगितलं: बॉयलरसाठी आजपासून मी रोज पाणी शुद्ध करणार आहे, त्यातलं कॅन्टीनला उद्यापासून मिळेल, तुमच्या मुलीचं पाणी तुमच्या मुलीला, आणि इथं आल्यापासून मला ज्यांनी विचारून खाऊ घातलं ती हीच माणसं, ती बदलू नका. दत्तोबा मिस्त्री मागून म्हणाले, पिठलं कशाला म्हणत्यात ते ठेकेदाराला इचारा की. ठेकेदारानं टोपी काढून कपाळ पुसलं. कारखान्याच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथं सांगितलं, कॅन्टीन आहे तसंच चालेल.

कडूबाई अजून साहेबांना रात्री मऊ भात पाठवते. म्हणते, आजारी नसला म्हणून काय झालं, आईपासून लांब हाय.

दाजींना आणि वसाहतीतल्या मावशींना नमस्कार. तुझा लोभ मला पुरून उरतो, तरी आटू देऊ नको.

तुझा,
बंकट

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. मोहनरावांनी आत्ताच घरी बोलावलं होतं. छबूच्या आईनं, वत्सलाकाकूंनी, पाट मांडला. मोहनराव म्हणाले, पोरगी माझं ऐकत न्हाई हे गावानं पाहिलं, तेव्हा सोयरीक करू. पण कॅन्टीनवाला जावई मला चालायचा न्हाई, ऑफिसात कारकुनाची जागा आहे, तिथं बस. माझ्या कानाला ऊब आली. तोंड उघडणार, तोच आतून छबूचा आवाज आला, की पाणी मी कारकुनाला दिलं नव्हतं.  मी म्हटलं, द्यायची तर कॅन्टीनवाल्याला द्या, तोच मागायला आलाय. मोहनरावांनी पानाचा डबा पुढं ओढला. मग म्हणाले, आसारामला म्हणावं उद्या सुपारी फोडायला ये. आपल्या दादांचं नाव त्यांनी इतक्या सरळपणे आजवर घेतलं नव्हतं. मला नाचावंसं वाटत होतं, पण संध्याकाळच्या पाळीची माणसं जेवायला येणार होती. उठलो, काकूंच्या पाया पडलो, उंबरा ओलांडला आणि वाऱ्याची धूळ आत जाऊ नये म्हणून बाहेरून दार हळूच ओढून घेतलं.