कॅनबेराला लागलेला दुसरा हात

८ जून

डावा पंख आज चिकटवला. सांधा पुरता मिटला नाही, मधे नखभर फट राहिली. ती लांबीच्या लगद्याने भरली. भरली कसली, थापली. शेताच्या बांधासारखा उंचवटा झाला आहे. वाळू दे, मग घासू. सोल्युशन ओघळतं. दुकानदाराने जुना माल खपवला असणार.

कॉलेजात असताना केलेलं हे विमान. कॅनबेरा बॉम्बर, खऱ्याचा बहात्तरावा हिस्सा. सगळी नोकरी होईपर्यंत ट्रंकेत पडून होतं. काढलं तेव्हा पंख सुटे, चाकं सुटी, काच धुरकट. पण भाग एकही हरवलेला नाही. ते पुन्हा तीन चाकांवर उभं करायचं, आणि माझ्याच हाताने. दुसऱ्याचा हात लागला तर ते माझं नव्हे.

हे देवनागरीत लिहितो, म्हणजे इथे तंजावरच्या घरात कुणी वाचणार नाही. बाबांनी मला शिकवली, मी मुलाला, मुरलीला, शिकवायची राहिली. अंबुजा मराठी बोलते फडाफडा, वाचते तमिळ. तेव्हा इथे बायकोबद्दलही लिहायला हरकत नाही.

११ जून

बांध गेला. पंखाचा सांधा गुळगुळीत. बोट फिरवलं, कुठे अडत नाही.

मी घासला नाही. काल दिवसभर त्या खोलीत गेलोच नाही, पापनाशमला लग्न होतं. परवा घासला म्हणावं तर परवा लांबी ओली होती.

घरात येणारी माणसं मोजकी. अंबुजा (इथून पुढे अं.) तिच्या चित्रांत असते. कूडमात, म्हणजे मधल्या दिवाणखान्यात, तिचं मेज, त्यावर कृष्ण, सोन्याचा वर्ख, काचेचे खडे, ऑर्डरीमागून ऑर्डरी. माझं मेज मागच्या खोलीत. आणि रोज चार वाजता कॉफीला येतो तो दुरै. हवाई दलात फिटर होता, इथल्याच तळावरून निवृत्त झाला. खऱ्या विमानांना हात लावलेला माणूस. कॅनबेरा पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्याचे डोळे कसे झाले होते ते मी विसरलो नाही.

१४ जून

दुरैला आडून विचारलं. पंख कसा वाटतो? म्हणाला, सांधा फार छान झालाय, सार. एवढंच. माझ्याकडे न बघता.

मी पदार्थविज्ञान शिकवलं तेवढंच परीक्षेच्या भरारी पथकातही फिरलो. कॉपी करणारा पोरगा नजर चुकवत नाही, उलट रोखून बघतो. नजर चुकवतो तो कॉपी पुरवणारा.

संध्याकाळी मुरलीचा चेन्नईहून फोन. आधी अं.शी बोलला, तेही परसात जाऊन. मग मला विचारतो, अप्पा, कॉफी अजून पेल्यातूनच पिता की कान असलेल्या कपातून? हा काय प्रश्न झाला? पोरगा सॉफ्टवेअरमध्ये गेला आणि बापाच्या भांड्यांची चौकशी करतो.

कॉफीवरून आठवलं. अं. हल्ली माझा पेला अर्धाच भरते. दूध महाग झालं म्हणते. दुरैला मात्र काठोकाठ.

१९ जून

उजव्या पंखावरचं गोल चिन्ह लावलं. पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचं असतं, लोण्यासारखं सरकतं. दुमडलं. सोडवायला गेलो तर जास्तच. चिडून तसंच टाकलं आणि फिरायला गेलो. दुरै तिण्णैवर, दाराबाहेरच्या ओट्यावर, थांबलेलाच होता. आजकाल फिरायला चला म्हणून मागे लागतो. वडवार नदीच्या कडेने नेतो, आणि चालताना मला सांगतो, डावा हात हलवा सार, डावा हात. मी काय कवायतीला आलो आहे?

परत येऊन बघितलं तर चिन्ह सपाट. एक सुरकुती नाही.

म्हणजे दुरै नव्हे. दुरै माझ्याबरोबर होता.

का दुरैने कुणाला तरी पाठवलं?

२२ जून

सापळा लावला. दारापासून मेजापर्यंत कोलमच्या, रांगोळीच्या, पिठाची चिमूट चिमूट भुरभुरली, पाऊल उमटेलच. फिरून आलो तर खोली झाडून काढलेली. अं. म्हणाली, शुक्रवार आहे, पीठ सांडून काय बसलांत, मुंग्या येतील. चोर पकडायचा सोडून शिव्या खाल्ल्या. पथकात असतो तर वरिष्ठांनी घरी बसवलं असतं.

३० जून

आज चांगला दिवस.

कॅनबेराची शेपटी लांब आणि चाकं पुढे. नाकात वजन घातलं नाही तर विमान मागे बसतं, जेवल्यावर ओसरीवर टेकलेल्या म्हाताऱ्यासारखं. तिरुवैयारुच्या एका मासेवाल्याकडून गळाला लावायचे शिशाचे मणी आणले होते. एकेक घालून चिकटपट्टीने बांधून बघितलं. पुरतील तेवढे घातले, वर एक मणी जास्त नाही. उगाच वजन वाढवलं तर पुढच्या चाकाचा दांडा वाकेल. उभं राहिलं, तीन चाकांवर. नाक बंद करून टाकलं.

अं.ला हाक मारली. ती बराच वेळ बघत राहिली, विमानाकडे नव्हे, माझ्या हातांकडे. मी हात खिशात घातले. का घातले कोण जाणे.

४ जुलै

बसलं. सकाळी खोलीत गेलो तर विमान शेपटीवर टेकून, नाक छताकडे.

शांत डोक्याने विचार केला. नाकातलं शिसं कुठे जात नाही. नाक हलकं झालं नाही, तर शेपूट जड झालं. चाकांपासून शेपूट इतकं लांब की तिथे थोडं वजनही पुष्कळ. नववीचा धडा आहे. शेपटीच्या मुळाशी जी फट मी उद्यावर ढकलत होतो ती भरलेली, वरून रंगाचा हातही दिलेला. नखाने खरवडलं. पांढरी पूड. जिभेला लावली, विरघळली. डिंकाची चव.

लांबी विरघळत नाही.

खडूची पूड आणि डिंक मळून केलेला लगदा, मक्कू. तंजावरच्या चित्रांत देवाचे दागिने, खांब, महिरप उठावाने येतात ते याच लगद्याने. विमानात मक्कू भरायची चूक जगात दुसरीकडे कुणी करणार नाही. आणि या गावातही हे काम करणाऱ्या माणसांपैकी एक माझ्याच कूडमात बसते.

अं.

५ जुलै

काही बोललो नाही. तीही नाही. रसम खारट झालं होतं, तेही बोललो नाही.

७ जुलै

आता सगळं जुळतं. दुरै मला चार वाजता बाहेर काढतो, अं. आत जाते. मुरली परसातल्या फोनवर. तिघांचं संगनमत आहे आणि मी एकटा बाहेर. पण कशासाठी? विमान बिघडवायचं असतं तर बिघडवलं असतं. ती तर सुधारते आहे. सुधारलेलं जास्त लागलं मला. नापास पोराच्या पेपरात कुणी बरोबर उत्तरं लिहून ठेवावीत तसं.

१० जुलै

वडवारपर्यंत जाऊन गुडघा दुखतो म्हणून परतलो. दुरै नको नको म्हणत होता. परसाच्या बाजूने आलो.

खिडकीतून दिसलं. अं. माझ्या खुर्चीवर. माझं भिंग डोळ्यांना, जीभ दातांत धरलेली, कृष्णाच्या पापण्या काढते तो खारीच्या केसांचा ब्रश हातात. डाव्या इंजिनाच्या कडेला माझा रंग बाहेर गेला होता, तो ती आत घेत होती. हात असा स्थिर, की मी बघतच राहिलो. या बाईशी इतकी वर्षं संसार केला, तिला काम करताना असं कधी उभं राहून बघितलं नव्हतं.

आत गेलो नाही. देवळापर्यंत जाऊन बसलो आणि रोजच्या वेळेला घरी आलो. अं. म्हणाली, आज लांब गेलांत वाटतें. मी म्हणालो, हो.

राग आला होता, अजून आहे. पण नेमका कुणाचा ते...

१६ जुलै

पंखाखाली विमानाचा क्रमांक ब्रशने लिहायचा असतो. डाव्या पंखाखाली मेमध्ये लिहिला होता, उजव्याखाली आज लिहिला. मग विमान उलटं करून दोन्ही ताडून बघितले.

पेपर तपासताना मी अक्षरावरून माणूस ओळखत असे. एकाचा पेपर दुसऱ्याने लिहिला तर पहिल्या पानावर कळे. हे दोन आकडे एका माणसाचे नव्हेत. मेमधला मोठा, उभा, माझा. आजचा बारीक होत गेलेला, शेवटचा आकडा तर मुंगीएवढा, आणि कडा थरथरलेल्या. आज खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

सोल्युशन जुनं नव्हतं. दुकानदाराची मी उगाच बदनामी केली.

मला भीती वाटते.

१७ जुलै

अर्धा पेला. कपाचा प्रश्न. डावा हात हलवा सार. सगळ्यांना दिसत होतं. विमानावर पाळत ठेवून होतो मी, आणि हे सगळे माझ्यावर. डॉक्टरकडे जाऊन आले असतील. नाव काढून आणलं असेल रोगाचं, आणि माझ्यापासून लपवून ठेवलं असेल.

२१ जुलै

नाक पुन्हा उघडलं. शेपटीतला मक्कू पाण्याने निघाला असता, पाच मिनिटांचं काम. नाही काढला. पुढे आणखी मणी घातले. चाकाचा दांडा थोडा वाकला आहे, पण उभं आहे. नाक बंद करताना दोनदा हातातून निसटलं. तिसऱ्यांदा मनगट मेजाच्या कडेवर दाबून धरलं तेव्हा जमलं.

३ ऑगस्ट

आडी महिन्याची अठरावी, नदीच्या पूजेचा दिवस. तिरुवैयारुला गेलो, दरवर्षीप्रमाणे. कावेरीला पाणी बरं आहे, पायऱ्यांवर गर्दी. अं.ने नदीला हळद, कुंकू, काळे मणी वाहिले, मग आम्ही जरा वर सावलीत डबे उघडले. लिंबाचा भात, चिंचेचा भात, दहीभात. माझ्या पानावर तिने चमचा ठेवला. आम्ही चमच्याने कधी जेवलो?

मग मात्र विचारलं. डॉक्टराने काय सांगितलं ते सांग. म्हणाली, कोण डॉक्टर? मी म्हणालो, तुम्ही तिघं ज्याच्याकडे जाऊन आलात तो. तिने दहीभाताच्या डब्याला झाकण लावलं.

"कोणाकडेहि गेलों नाहीं. मज कांहीं ठाऊक नाहीं. सदऱ्याचीं बटणें लावतांना तुम्ही पाठ फिरवतां, तेवढें ठाऊक आहे."

मी म्हणालो, मग सरळ विचारायचं होतं. म्हणाली, विचारलें असतें तर तुम्ही विमान पुन्हा ट्रंकेत घातलें असतें.

खरं आहे. घातलं असतं.

दुरैचं काय, म्हटलं. दुरैला तिनेच सांगितलं होतं, रोज चालवा म्हणून. त्याच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं, म्हणून त्याने ओळखलं. पुढे भावाचं काय झालं ते तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मुरलीने इंटरनेटवर वाचलं. म्हणजे तिघांकडे मिळून नुसता संशयच. माझ्याकडे होता तसाच.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि डोळे पुसत राहिली. धूळ जाते म्हणाली. मी तिचा हात धरला. माझा कापत होता, तो मी काढून घेतला नाही.

६ ऑगस्ट

मुरलीने त्रिचीच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, दहा तारखेची. दुरै येतो म्हणतो. मी म्हणालो नको. मग म्हणालो ये.

दुरैला आज मीच काठोकाठ कॉफी ओतली. बशीभर सांडली. त्याने बशीतली पिऊन टाकली आणि हवाई दलातली एक शिवी दिली, कॉफीला की मला ते कळलं नाही. त्याच्यावर उगाच दोन महिने संशय घेतला. पण विमानावर त्याचा डोळा आहे हे मात्र मी अजून म्हणतो.

९ ऑगस्ट

सगळं झालं. राहिली फक्त वैमानिकाची काच. पुसून पुसून पारदर्शक झाली आहे. हीच अवघड. काचेवर सोल्युशनचा एक थेंब गेला की डाग कायमचा. घासता येत नाही, रंगाखाली झाकता येत नाही. तिथे मक्कूचा उपयोग नाही.

सकाळपासून डबी समोर ठेवून बसलो होतो. चिमटा उचलला, ठेवला. पुन्हा उचलला. उद्या डॉक्टर काय म्हणेल त्याच्या आधी हे व्हावं असं वाटत होतं. त्यानंतर कोण बसेल या खुर्चीवर, मी की दुसराच कुणी.

दुपारी अं.ला हाक मारली. कूडमातून आली, बोटांना वर्ख लागलेला. भिंग तिच्या हातात दिलं, खुर्ची सोडली, आणि म्हणालो, "आतां चोरून नको. माझ्यादेखत लाव."

ती बसली. चिमट्यात काच धरली, विमानाजवळ नेली. मग काच पुन्हा डबीत ठेवली.

"तुमच्यादेखत माझाहि हात कांपतो," म्हणाली.

मग आम्ही दोघं तिथेच बसलो, ती खुर्चीवर, मी खाटेच्या कडेवर. तिने मग जाऊन दोसे घातले. उद्या सहाची बस आहे. काच डबीतच आहे.