गंधारच्या खोक्यांचा कोपरा

अहिल्यानगर

प्रिय गंधार,

मोबाईल असताना ताईला कागद कशाला सुचला, असं म्हणशील. मोबाईलवर तू मध्येच 'मीटिंग आहे गं' म्हणतोस. कागदावर ती सोय नाही. दिवाळीत म्हणालास, यायचंय, पण तुमच्या पाहुण्यांच्या खोलीत लॅपटॉप ठेवायला तरी जागा आहे का? पूर्वपक्ष बिनतोड होता. खंडन करायला मला चार महिने लागले. आता जागा झाली आहे. खिडकीजवळचा तो कोपरा मी रिकामा केला. मला आठ दिवस हवेत, आणि ते तू तिथे बसून द्यायचेस.

कोपऱ्यात काय होतं ते तुला ठाऊक असायला हवं, कारण सगळं तूच पाठवलेलं. अण्णांसाठी व्यायामाची सायकल. तिच्यावर चादरी छान वाळतात. पाय चेपायचं यंत्र. ते घरघरायला लागल्यावर अण्णांनी त्याला काठीने बदडलं. वॉकर दोन, कारण पहिला पाठवल्याचं तू विसरलास. विसरण्याचा मक्ता एकट्या अण्णांकडे नाही, हे पाहून बरं वाटलं. बाकीची खोकी मी फोडलीच नव्हती. ती हलवताना आपली धुण्याभांड्याची गोजरबाई म्हणाली, "ताई, तुमचा भाऊ माया लई करतो बघा, पर समदी पुठ्ठ्यातनं." मी तुझी बाजू घेतली. फार जोर लावून नाही घेतली.

खोक्यांमागची भिंत ओलीने फुगली होती. पोपडे खरवडून दोन हात रंग दिला, फिकट पिवळा. आई ज्यावर पेपर तपासायची ते टेबल आणलं. प्लगसाठी पॉइंट काढून घेतला. वायफाय तिथपर्यंत येतं. शेजारच्या निकिताला बसवून खात्री केली. अण्णांचं सगळं वेगळ्या कागदावर लिहिलंय. सकाळी संस्कृतातला 'देव' शब्द चालवायला सांगायचा, की चहा मुकाट्याने घेतात. लेकीचं 'देवश्री' हे नाव कधी हुकतं, सप्तमीचं बहुवचन हुकत नाही. ते बाहेर निघून जातात, म्हणून भाजीला जाताना मी बाहेरून कुलूप लावते आणि अर्ध्या तासात परतते. चार वर्षं हेच. अर्ध्या तासात या गावात कुठवर जाऊन येता येतं, हे मला कुठल्याही रिक्षावाल्यापेक्षा पक्कं माहीत आहे.

आता आठ दिवस कशाला, ते. लग्नकार्य नाही, आजारही नाही. मागच्या मंगळवारी रंगाचा डबा घेऊन परतताना माळीवाड्याच्या स्टँडवर पारनेरची एसटी उभी दिसली आणि मी चढले. पारनेरला माझं कोणी नाही. कंडक्टरने 'कुठं?' म्हणून विचारलं, तर म्हटलं, शेवटपर्यंत. तिथे उतरले, चहा प्यायले आणि डबा हातात धरून पुढे जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत उभी राहिले. अण्णा कुलपात होते, गंधार, आणि मला ते माहीत होतं. पाच तासांनी दार उघडलं, तेव्हा ते चपला घालून दारासमोरच्या खुर्चीत बसले होते. मला पाहून उठले आणि अगदी अदबीने म्हणाले, "या, बसा. देवश्री बाहेर गेलीय, येईलच एवढ्यात." त्यांना खात्री होती. मला, पारनेरच्या स्टँडवर, नव्हती. म्हणून शनिवारी ये. तू आलास तर आठ दिवसांनी मी परत येईन, एवढं आज तरी लिहून देऊ शकते.

तुझीच,
ताई