शर्यतीआधीचे जोर

वस्ताद, तुमची शर्यतीआधीची तयारी चुकीची होती. तुम्ही हयात असतात तर हे वाक्य मला पुरं करू दिलं नसतंत. "तू किती पाणी कापलंस गं आजवर? मग बोल," असं म्हणून शिट्टी तोंडात घातली असतीत. आता तुम्हाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून मुद्देसूद लिहिते.

पन्नास मीटर म्हणजे आपल्या पोहण्याच्या टँकची एक लांबी. मुलगी तयारीची असली तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास सगळं संपतं. एवढ्या थोड्या वेळासाठी शरीराला दोन गोष्टी लागतात. स्नायू तापलेला हवा आणि ताजा हवा. तापलेला स्नायू झटकन आकसतो, दमलेला आकसत नाही. तुम्ही आम्हाला आधी दमवायचात आणि मग गार करायचात, म्हणजे दोन्ही उलटं. शर्यतीच्या सकाळी टँकच्या कडेला आम्हाला ओळीनं जोर मारायला लावायचात, कोपर थरथरायला लागेपर्यंत. जी आधी थांबेल तिला बाकीच्यांसमोर पुन्हा पहिल्यापासून. मग पाण्यात बुडी मारून यायचं आणि ओल्या अंगानं पायरीवर बसायचं. टॉवेल घ्यायचा नाही. त्याचं कारण तुम्ही दर वेळी सांगायचात: "गारठा मुरू दे अंगात. मग पाण्यात पडल्यावर पाणी ऊन लागतंय." ऐकायला ते इतकं खरं वाटायचं की आमच्यापैकी कुणालाच प्रश्न पडला नाही. पाणी उबदार वाटायचंही. वाटणं आणि असणं यांत फरक असतो हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं.

तुम्ही तालमीतून टँकवर आला होतात. म्हणून सर न म्हणता सगळे तुम्हाला वस्ताद म्हणायचे. गुडघा गेला, कुस्ती सुटली आणि पोहायला येत होतं म्हणून पोरांना पोहायला शिकवायला लागलात. तालमीतली रोजची मेहनत तुम्ही शर्यतीच्या दिवशी आमच्याकडून करून घेतलीत. मैदानात कुस्ती असेल त्या दिवशी कोणताही पैलवान स्वतःला आधी थकवून उतरत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. तरी आम्हाला थकवलंत. आपल्याला जे करता येईना ते तुम्ही आमच्या अंगावर करून बघत होतात, असं कुणी म्हणेल. मला माणसांच्या मनातलं कळत नाही. मी स्नायूंबद्दल शिकले आहे.

ती सकाळ डिसेंबरची आहे. निवड चाचणी आपल्याच टँकवर. वडील मला उचगावहून स्कूटरवर घेऊन आले आहेत, कानाला मफलर, हँडलला माझी पिशवी. जोर झाले आहेत, बुडी झाली आहे, आम्ही सहा मुली पायरीवर बसलो आहोत. पाहुणे यायचे आहेत, त्यांच्या हातानं नारळ फुटल्याशिवाय पहिली शर्यत सुटणार नाही. पाहुणे येत नाहीत. सिमेंटचा गारवा मांड्यांतून वर चढतो आहे. माझी नखं निळी झाली आहेत आणि मी ती मुठीत लपवते आहे, कारण तुम्ही बघाल. तुम्ही बघताच. "काय गं, वाजायला लागली व्हय बत्तीशी? अजून पाण्यात न्हाय पडलीस!" मुलं हसतात. सगळ्यांत मोठा मुलगा, ज्याला आम्ही दादा म्हणायचो, तो सगळ्यांत मोठ्यानं हसतो. पाहुणे येतात, हार होतात, भाषण होतं. मग आम्ही उडी घ्यायच्या ठोकळ्यांवर उभ्या राहतो.

अर्ध्यापर्यंत मी पुढे होते. हे मी आठवणीवर विसंबून लिहीत नाही, वडिलांनीही पाहिलं होतं. त्यानंतर हात वर येत होते, आत जात होते, पण पाणी धरत नव्हते. शेजारच्या पट्ट्यातली, सांगलीहून चाचणीला आलेली मुलगी माझ्या खांद्याशी आली, मग तिचं डोकं दिसलं, मग फक्त पाय. भिंतीला तिचा हात आधी लागला. माझा त्यानंतर लगेच.

मी बाहेर आले तेव्हा तुम्ही वडिलांशी बोलत होतात. मी ऐकण्याइतकी जवळ होते आणि तुम्हाला ते दिसत होतं.

"पावणं, पोरीचा हात चांगला हाय," तुम्ही म्हणालात. "पण काळीज न्हाय. शेवटाला भ्याली बगा ती. उगं पेट्रोल जाळू नका."

वडिलांनी मान हलवली. डॉक्टरनं रिपोर्ट सांगितल्यावर हलवतात तशी. त्यांनी उलट एक प्रश्न विचारला असता तर कदाचित मी आज त्यांच्यावरही लिहिलं नसतं. पण लेथवर काम करणारा माणूस, मापाच्या बाबतीत जाणकारावर विश्वास ठेवणारा. तुम्ही म्हणालात म्हणजे मोजून म्हणालात असं त्यांना वाटलं. आम्ही घरी आलो. दारात स्कूटर लावताना म्हणाले, "आता अभ्यासाकडं बघ." दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागी होते. ते मला उठवायला आले नाहीत. नंतरही कधी नाही.

टँकवर राहिलेली माझी चप्पल तुम्ही घरी नेऊन ठेवली होतीत, म्हणून आठवड्याभरानं आईनं मला तुमच्या मंगळवार पेठेतल्या घरी पाठवलं. तुम्ही नव्हतात. काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवलं. त्या थंडाईचे बदाम सोलत होत्या. दर रविवारी मुलांना ती पुढच्या खोलीत पितळी पेल्यांतून मिळायची आणि आम्हा मुलींना मागे, उरली तर. त्या दिवशी काकूंनी मला पूर्ण पेला भरून दिला. "मनाला लावून घेऊ नगं," त्या म्हणाल्या. "घरात बी असंच बोलत्यात. मला तर लग्नापासनं म्हणत्यात तुला काय कळत न्हाय." आणि हसल्या. मला हसू आलं नाही. मी पेला संपवला, विसळून ठेवला आणि चप्पल घेऊन निघाले. वाटेत ठरवलं की मला कळेल. नेमकं काय कळेल ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात शिकत होते. आईनं फोन केला, "वस्ताद गेले गं, झोपेतच." मी "बरं" म्हटलं आणि प्रॅक्टिकलला गेले. त्या दिवशी आम्ही व्यायामानंतर मांडीच्या स्नायूचं तापमान मोजत होतो. माणूस नुसता बसून राहिला की ते कसं उतरत जातं ते पडद्यावर रेषेत दिसत होतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की वॉर्म-अप आणि शर्यत यांच्या मधल्या वेळात खेळाडू सगळ्यात जास्त गमावतो, म्हणून त्याला कोरडं करा, कपडे घाला, हलतं ठेवा. मी ते लिहून घेतलं. शेजारची मैत्रीण म्हणाली, "तुझा चेहरा का असा झालाय?" मी म्हटलं, एसी जास्त आहे.

तुमची एक गोष्ट मला निर्दोष म्हणून लिहावी लागेल. हात पाण्यात कसा घालायचा, बोटं आधी, मनगट सैल, कोपर उंच, हे तुम्ही पाण्यावर तळहात ठेवून दाखवायचात. ते आजवर मला चूक ठरवता आलेलं नाही. मी प्रयत्न केला आहे.

आता परवाच्या रविवारचं सांगते, कारण ते झालं नसतं तर हे पत्र मी लिहायला बसले नसते. टँकवर दर वर्षी तुमच्या नावानं स्पर्धा होते. तुमचा फोटो, हार, उदबत्ती. आणि पहिल्या शर्यतीआधी सगळी मुलंमुली तुमच्या फोटोसमोर ओळीनं जोर मारतात. तो तुमचा मान. दादा आता तिथला कोच आहे, पोट सुटलंय, शिट्टी तुमच्यासारखीच वाजवतो. मी कोल्हापुरात परत आल्यापासून खेळाडूंची तयारी बघते. माझ्याकडे कोडोलीची एक मुलगी येते. तिची आई पहाटे डेअरीत दूध घालून तिला एसटीनं घेऊन येते. मी तिला सांगितलं होतं: आधी सावकाश पोहायचं, मग दोनतीन छोटे वेगाचे तुकडे, मग बाहेर, कोरडी, स्वेटर, पायमोजे, टोपी, आणि नाव पुकारेपर्यंत चालत राहायचं.

"मॅडम, सगळी जोर मारायलीत. मी बी मारतो की, चार," ती म्हणाली.

"नको."

"आवो, वाईट दिसतंय."

"दिसू दे."

दादा आला. "मॅडम, वस्तादांचा मान हाय तो. तुमी बी मारलेत की हितंच."

"म्हणूनच नको म्हणते."

"बरं बाबा, शिकलेली माणसं तुमी." मग मुलांकडे वळून, "ए, मॅडमची पोरगी स्वेटर घालून पोहणार हाय रं!" सगळे हसले. मुलगी टोपी कानावर ओढून चालत राहिली. मला ती आवडते.

ती दुसरी आली, वस्ताद. पहिली आली ती दादाकडे शिकणारी मुलगी, जोर मारलेली, पायरीवर ओली बसलेली. अंतर एका हाताचं. दादा टाळ्या वाजवत माझ्यासमोर आला. "बगा मॅडम! वस्तादांचा जोर! कुठं गेलं तुमचं स्वेटर?"

मी शांतपणे म्हटलं, "एका शर्यतीवरून काही सिद्ध होत नाही. ती मुलगी मुळातच वेगवान असेल. दोघींना दोन्ही पद्धतींनी, अनेकदा पोहायला लावल्याशिवाय कुणालाच काही म्हणता येणार नाही."

"ह्ये बरंय तुमचं," तो म्हणाला. "हरल्यावर शास्त्र." आणि गेला.

मग मुलीची आई आली. "मॅडम, खरं सांगा. हिला जमंल का न्हाय? न्हाय जमणार तर तसं सांगा. एसटीला पैसं घालायचं, दूध घालून पळायचं, मला बी कळायला पायजे." मुलगी मागे केस पुसत उभी होती आणि तिनं पुसणं थांबवलं होतं. मी तुमच्या जागेवर उभी होते, अगदी त्याच फरशीवर, आणि ऐकण्याइतक्या जवळ एक मुलगी होती.

"आज सांगता येणार नाही," मी म्हटलं. "वर्षभर आणा. तिचा वेळ मी मोजत राहीन. मग तुम्हाला खरं ते सांगेन, वाईट असलं तरी."

"वर्षभर?"

"हो."

"मंग उद्या किती वाजता आणू?" तिनं विचारलं. मुलगी पुन्हा केस पुसायला लागली.

इथपर्यंत मी तुमच्याविरुद्ध आहे आणि राहीन. तुम्ही एका शर्यतीवरून एका मुलीचं काळीज मोजलंत आणि ते माप तिच्या बापाच्या हातात दिलंत. तुमच्याकडे घड्याळ होतं, शिट्टी होती, आणि वाट बघायला अख्खी वर्षं होती. मी जिंकले असते तरी ते वाक्य चूकच राहिलं असतं, मग ते तुम्ही दुसऱ्या कुणाला ऐकवलं असतंत.

पण घरी आल्यावर दादाला सांगितलेलं माझंच उत्तर माझ्यावर उलटलं. एका शर्यतीवरून काही सिद्ध होत नाही. मग मी हरले ते तुमच्या जोरांमुळे आणि त्या पायरीमुळे, हेही सिद्ध होत नाही. गेली इतकी वर्षं मी ते सिद्ध झालेलं धरून चालले आहे. त्याच्यावर मी विषय निवडला, शहर सोडलं, परत आले. सांगलीची मुलगी मुळातच वेगवान असेल. किंवा शेवटच्या काही मीटरांत मी खरंच भ्याले असेन. भीती वाटली होती का, हे मी स्वतःला कधी नीट विचारलेलं नाही.

ते तपासता येईल. मी अजून पोहते. टँक मिळतो, घड्याळ आहे, तापमान मोजायचं यंत्र आहे, मदतीला माणसं आहेत. काही सकाळी तुमच्या पद्धतीनं, काही सकाळी माझ्या, डिसेंबरच्या गारठ्यात, नीट अंतर ठेवून. चाचणी कशी मांडायची हे मला कुणालाही विचारावं लागणार नाही. मी ती केलेली नाही. वेळ मिळाला नाही असं मी सांगते, आणि ते खरं नाही. दोन्ही पद्धतींचे आकडे सारखेच निघाले तर तुमच्यावर रागवायला माझ्याकडे किती उरेल, हे मला माहीत नाही, आणि तेवढं मात्र मला मोजून बघायचं नाही.